नवी म्हणून विकलेली जुनी स्प्रिंग

तुटलेली कॉइल स्प्रिंग दुकानदाराच्या काउंटरवर ठेवलीत की तो काय म्हणणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. "साहेब, मुंबईचे खड्डे! त्याला माल काय करणार?" यावर गिऱ्हाईक गप्प बसतं, कारण खड्डे नाहीत असं मुंबईत कोण म्हणेल? पण खड्ड्यात तुटलेली स्प्रिंग वेगळी दिसते आणि थकून तुटलेली वेगळी. हा फरक दाखवणारं माणूस मला शेजारीच भेटलं म्हणून पुढचं सगळं बाहेर आलं.

माझी सात सीटर गाडी टुरिस्ट परमिटवर आहे, स्वतःच चालवतो. विमानतळाची भाडी जास्त, अधूनमधून नाशिक-पुणे. मागे सीएनजीची टाकी. अशा गाडीच्या मागच्या स्प्रिंगा आज ना उद्या बसतातच. टाकीचं वजन चोवीस तास अंगावर आणि वर परदेशातून आलेल्यांच्या बॅगा. गाडी मागून खाली दिसायला लागली तेव्हा कुर्ल्यातल्या एका दुकानातून मागची जोडी घेतली. दुकानाच्या ओळखीच्या मेस्त्रीने ती तिथेच बसवून दिली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय त्याच बाजारात सरळ धंदा करणारेही पुष्कळ आहेत.

"स्वस्त बघितलंस, म्हणून फसलास" हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. पण भाव फार कमी नव्हताच. शोरूमपेक्षा थोडा कमी, इतपतच. हे लोक हुशार असतात. फार स्वस्त दिलं तर गिऱ्हाईक बिचकतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. खोका होता, कंपनीचा लोगो होता, काळा कुळकुळीत रंग होता, बिलही मिळालं. बिलावर "रिअर स्प्रिंग, 2 नग" एवढंच. पार्ट नंबर नाही. आणि खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि एमआरपी असते, त्या जागी वेगळंच स्टिकर चिकटवलेलं होतं. ते उखडून खाली काय आहे हे कोण बघतो!

बसवल्यावर गाडी छान उचलली गेली. पावसाळा ओसरत असताना एलबीएस रोडवर घाटकोपरच्या पुढे मागून खाडकन आवाज आला आणि गाडी डावीकडे कलली. नशिबाने प्रवासी बसलेले नव्हते. भांडुपला आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गाडी वर घेतली, तर डाव्या स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं तुटून रबराच्या सीटमध्ये पडलेलं. ही मागची होती म्हणून निभावलं. पुढच्या स्ट्रटवरची, म्हणजे चाकाजवळच्या उभ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर बसवलेली स्प्रिंग तुटली तर तिचं धारदार टोक निसटून टायर फाडू शकतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ठाण्याकडच्या एका स्प्रिंग कारखान्यात हीट ट्रीटमेंटला आयुष्य घालवलेला माणूस. तुकडा हातात घेऊन त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही खड्ड्यात तुटलीच नाही. ही तुला दिली तेव्हापासून तुटतच होती."

तुटलेल्या तोंडावर दोन भाग होते. तारेच्या कडेला नखाएवढा गुळगुळीत, गंजाने तांबूस पडलेला डाग, त्यात बारीक वळणदार रेषा. उरलेला भाग खरखरीत, करडा, ताजा. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी भेग. गाडी प्रत्येक वेळी दबली की ती केसभर पुढे सरकते, दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, आत पाणी शिरून गंजतं. शेवटी उरलेलं पोलाद कमी पडतं आणि ते एका झटक्यात जातं. तो खरखरीत भाग. एकाच दणक्याने तुटलेल्या स्प्रिंगला असा गंजलेला डाग नसतो, सगळं तोंड एकसारखं ताजं असतं.

तुटण्याची रेषाही तिरकी होती. कॉइल स्प्रिंग दाबली की तिची तार खरं तर पिळली जाते. खडू दोन्ही टोकांना धरून पिळला तर तो सरळ न तुटता तिरका तुटतो, साधारण 45 अंशात. स्प्रिंगची भेगही बहुतेक वेळा तशीच जाते.

पिळामुळे सगळ्यात जास्त ताण येतो तारेच्या पृष्ठभागावर, त्यातही वेटोळ्याच्या आतल्या बाजूला. काकांनी कागदावर मांडून दाखवलं: 12 मिलिमीटरची तार आणि 96 मिलिमीटर व्यासाचं वेटोळं असेल तर साध्या हिशेबाने येतो त्यापेक्षा आतल्या बाजूचा ताण सुमारे 18 टक्के जास्त. म्हणून स्प्रिंगचं सारं आयुष्य तिच्या कातडीवर अवलंबून असतं. पोलाद एका दणक्याला जेवढं सोसतं त्यापेक्षा बरंच कमी ओझं पुन्हा पुन्हा आलं तरी ते तुटतं, हे ऑगस्ट वोलर या जर्मन इंजिनियरने 1850-60च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. आपल्याकडे प्रत्येक स्पीडब्रेकर, फ्लायओव्हरचा प्रत्येक जोड ही त्यातली एकेक आवृत्ती.

कारखान्यात म्हणूनच या कातडीचे लाड करतात. तार तापवून तेलात बुडवतात, मग साधारण 400 ते 500 अंशांवर टेम्पर करून चिवटपणा आणतात. त्यावर पोलादी छर्‍यांचा मारा करतात, शॉट पीनिंग. त्याने पृष्ठभाग आतून दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि भेगेला तोंड उघडायला जड जातं. पुढे स्प्रिंग एकदा पूर्ण दाबून सोडतात, म्हणजे ती नंतर लवकर बसत नाही. फॉस्फेट आणि इपॉक्सीचा थर शेवटी.

आता माझ्या "नव्या" स्प्रिंगचं बघा. काकांनी थिनरच्या फडक्याने रंग काढला. खाली गंजाने खाल्लेले बारीक खळगे, आणि काळा रंग त्या खळग्यांच्या आतपर्यंत गेलेला. म्हणजे खळगे आधीचे, रंग नंतरचा. खड्डे होते हे दुकानदाराचं खरंच निघालं, फक्त ते तारेवर होते! एका जागी तार मोजली तर अर्धा मिलिमीटर बारीक भरली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ताण व्यासाच्या घनावर उलटा चालतो: 12ची तार साडेअकरा झाली की ताण जवळपास 14 टक्के वाढतो. कानस लावली तर ती वरच्या थरात सहज चालली, आत मात्र घसरायला लागली.

काकांच्या मते झालं ते असं. भंगारातली, बसलेली स्प्रिंग भट्टीत लालभडक करायची, ओढून पुन्हा उंच करायची, कुठल्यातरी तेलात बुडवायची आणि रंगवायची. उंची परत येते, म्हणून गाडी उचललेली दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण लाल होईपर्यंत तापवल्यावर पीनिंगने आलेला दाब संपूर्ण निघून जातो. उघड्या भट्टीत पृष्ठभागातला कार्बन जळतो आणि जिथे ताण सर्वात जास्त तिथेच पोलाद मऊ पडतं. जुने खळगे आणि त्यांच्या तळाशी सुरू झालेल्या भेगा तशाच राहतात. खालचं वेटोळं आधी गेलं त्यालाही कारण आहे. चिखल-पाणी त्याच सीटमध्ये साचतं आणि सीटवर घासून रंग तिथेच आधी उडतो. त्यात आपली खारी हवा. सरळ दिलेली सेकंडहँड स्प्रिंग निदान जुनी म्हणून तरी दिसते. भट्टीतून काढलेली ही त्याहून वाईट.

दुकानात गेलो तर आधी खड्डे झाले, मग "सीएनजीचा लोड", मग "स्प्रिंगला वॉरंटी नसते". खळग्यातला रंग दाखवल्यावर आवाज खाली आला. "चला, दुसरी जोडी घेऊन जा, पैसे नकोत." ती जोडी उजेडात धरली: दोन वेटोळ्यांमधलं अंतर एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, आणि टोकावर ग्राइंडरच्या ताज्या खुणा. परत ठेवली. मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं, "गाडी टुरिस्टवर आहे ना, मग तुम्ही ग्राहक कसले? तुम्ही धंदेवाले."

हे खोटं आहे आणि टॅक्सी-टेम्पोवाल्यांनी नीट लक्षात ठेवावं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, लेखी नोटीस पाठवली. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दुकान कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तुटलेला तुकडा, खोका आणि बिल मी कपाटात ठेवलंय. तुकडा धुऊ नका, तोंडावरून ब्रश फिरवू नका, दोन्ही तोंडं एकमेकांवर जुळवून बघू नका. पुरावा घासला जातो.

घेताना बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेलीच हवी. स्प्रिंग हातात घेऊन वेटोळ्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवा, दुकानदार बाहेरचीच बाजू दाखवतो. रंगाखाली खडबडीत लागलं तर नको. जोडीतल्या दोन्ही एकाच उंचीच्या आहेत का, शेजारी उभ्या करून पाहा. क्रोमसारखी चमकणारी "स्पेशल" स्प्रिंग कोणी पुढे केली तर तीही नको. इतक्या कडक पोलादाला अॅसिडने धुऊन मुलामा दिला आणि नंतर लगेच नीट भाजलं नाही, तर आत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो.

आणि काढलेल्या जुन्या स्प्रिंगा मेस्त्रीकडे सोडू नका. माझ्या त्याने "राहू द्या, कचरा आहे" म्हणत आत नेल्या होत्या. आता मी जुना माल आधी फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन कटरने मधोमध कापून घेतो आणि मगच भंगारवाल्याला देतो. वजनाचे पैसे तेवढेच येतात.