पीठ नव्हे, कोड: घरच्या यूव्हीबी दिव्याचे नऊ महिने

माझी पिठाची चक्की आहे, आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात. चक्कीवाल्याच्या हातावर पांढरं दिसलं तर कोणाला काय वाटणार? मला स्वतःलाच दोन-अडीच महिने ते पीठ वाटलं. दळण न्यायला आलेली शेजारची आजी एकदा म्हणाली, "हात धू न रे बापू आधी, मंग पैसे घे." धुतले, तर डाग अजूनच ठसठशीत झाले. उजव्या मनगटाच्या वर रुपयाएवढा एक, बोटांच्या पेरांवर तीन-चार, दोन बोटांची टोकं, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी एक बारीकसा.

ते पीठ नव्हतं, कोड होतं, कातडीचा रंग जातो तो रोग. त्यासाठी दसऱ्याला हातात धरायचा यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा घेतला, आता आषाढ लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही. घेताना नावापेक्षा नॅरोबँड यूव्हीबी आणि ३११ नॅनोमीटर हे शब्द डब्यावर आहेत का ते बघा. मला दोन क्विंटल कापसाच्या पैशांत पडला.

पण दिव्याच्या आधी निदान. गावात अंगावर पांढरं दिसलं की पहिली शंका महारोगाची. बाबा आमट्यांचं आनंदवन याच विदर्भात आहे, तरी या दोन रोगांतला फरक आमच्या पारापर्यंत पोचलेला नाही. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मला डोळे मिटायला लावले आणि डागावर बॉलपेनचं टोक टेकवत विचारलं, कुठं लागतं सांगा. प्रत्येक ठिकाणी लागलं. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढरा सहसा नसतो, आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. कोडात संवेदना शाबूत असते, फक्त रंग जातो.

पुढे सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. त्वचारोग विभागात हात स्वच्छ धुवायला लावले (पिठाचा हिशेब तिथेही आलाच), खोलीत अंधार केला आणि वूड्स लॅम्प, म्हणजे तपासणीचा अतिनील दिवा, धरला. डाग निळसर पांढरे उजळले. गालावर एक होता, साध्या उजेडात मला कधी दिसलाच नव्हता, तोही निघाला. मग प्रश्न: मागच्या सहा महिन्यांत नवा डाग आला का? खरचटलं तिथे पांढरं झालं का? डागातले केस पांढरे झाले का? घरात कोणाला थायरॉइड? कोडासोबत थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांत सापडतो, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करायला लावली. ती बरोबर निघाली.

कारण सोप्या भाषेत सांगितलं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच संरक्षक फौज उलटते. दूध-मासे किंवा आंबटाचा यात हात नाही. मायनं चार महिने माझं दही-ताक बंद ठेवलं होतं. त्या संध्याकाळी घरी कढी झाली.

एक मूर्खपणा कबूल करतो. दवाखान्याच्या आधी एकाच्या सांगण्यावरून बावचीचा लेप लावून उन्हात बसलो होतो. बावची म्हणजे थोतांड नव्हे. तिच्यात सोरालेन असतं, ते कातडीला अतिनील किरणांसाठी हळवं करतं, आणि दवाखान्यातला पुवा नावाचा जुना उपचार याच तत्त्वावर चालतो. पण तिथे औषध मोजलेलं असतं आणि किरणंही. माझं ऊन कोण मोजणार? फोड आले, कातडं निघालं आणि पेरांवरचे डाग वाढले. कोडाच्या माणसाचं कातडं भाजलं किंवा सारखं घासलं की तिथेच नवा डाग उठू शकतो. चक्कीचा पट्टा ओढून ओढून पेरं घासतात, आता तिथे हातमोजा घालतो. रबरी चप्पलही सोडली. काही चपलांतल्या आणि टिकलीच्या गोंदातल्या रसायनांनी रंग जातो, हे मला तिथेच कळलं. बायकोनं त्या दिवसापासून कुंकू लावायला घेतलं.

आता दिवा. एक दिवसाआड वापरतो. सुरुवात अगदी थोड्या सेकंदांनी, मग डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे हळूहळू वाढ. दुसऱ्या दिवशी डाग हलका गुलाबी हवा आणि चोवीस तासांत तो गुलाबीपणा ओसरायला हवा. लाल राहिला तर पुढची पाळी सोडायची. डोळ्यांना किरणं अडवणारा चष्मा लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. हातांवर एक आठवडा मोमेटासोन या स्टेरॉइडची क्रीम, पुढचा आठवडा सुट्टी. ओठाजवळ आणि गालावर स्टेरॉइडऐवजी टॅक्रोलिमस नावाचं मलम. सगळे सेकंद उधारीच्या वहीत मागच्या पानांपासून लिहीत आलो. उधारी पुढून वाढते, सेकंद मागून. मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडेल.

गावातले म्हणतात, "मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री तापते न भाऊ, दिव्याले पैसे काऊन घालता?" उष्णता वेगळी आणि अतिनील किरणं वेगळी. दिवा हाताला गरमसुद्धा लागत नाही. उन्हात हीच किरणं असतात हे खरं, पण त्यांच्यासोबत बाकी सगळं येतं, आणि सेकंदांचा हिशेब राहत नाही.

तक्रारी आहेत. व्होल्टेज खाली गेलं की दिवा फडफडतो आणि टायमर शून्यावर येतो. किती सेकंद झाले ते तुम्हीच आठवा. मी चक्कीच्या लाइनवरून काढून घरच्या इन्व्हर्टरवर घेतला तेव्हा कटकट मिटली. सोबतचा चष्मा दोन महिन्यांत कानाशी तुटला. विकणाऱ्यानं फोनवर "तीन महिन्यांत गॅरंटीनं रंग" म्हटलं होतं. तीन महिन्यांनी मला काय दिसलं? मनगटावरच्या डागात केसांच्या मुळाशी खसखशीएवढे तपकिरी ठिपके. बस्स.

पण ते ठिपकेच खरी बातमी होती. रंगपेशींचा साठा केसाच्या मुळाशी असतो, तिथून त्या वर सरकतात आणि ठिपके पसरत एकमेकांना मिळतात. म्हणून केस काळा असेल तिथे आशा जास्त. बोटांच्या टोकांना केसच नाहीत. आज नऊ महिन्यांनी मनगटाचा डाग पाऊणहून जास्त भरला. गालावरचा शोधावा लागतो. ओठाजवळचा निम्मा गेला. पेरांवर जिथे लव आहे तिथे दोन-तीन ठिपके. टोकं जशीच्या तशी.

मी नशीबवान की दिवा चांगला, हे ठरवायला भाच्यानं मला ब्रिटनमधली एक चाचणी वाचून दाखवली, हाय-लाइट नावाची, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली. ५१७ जण, नऊ महिने, घरीच, असाच हातातला दिवा आणि हीच क्रीम. निकाल रुग्णांनाच विचारला: डाग आधीपेक्षा बराच कमी जाणवतो का? नुसत्या क्रीमवाल्यांत १७ टक्के हो म्हणाले, नुसत्या दिव्यावाल्यांत २२, दोन्ही मिळून २७. म्हणजे दोन्ही मिळूनही साधारण चारात एक. उपचार थांबल्यावर बऱ्याच जणांचा फायदा ओसरलाही. हा आकडा मला आधी माहीत असता तर दिवा घेतला असता का? घेतला असता, पण विकणाऱ्याचा फोन अर्ध्यात कापला असता. रुग्णाच्या तोंडून मोजलेला निकाल मला पटतो. माझ्या मनगटाचा रंग किती टक्के आला याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नाही, त्याला दिसतं की नाही एवढंच.

गिऱ्हाइकाचं निघालं म्हणून सांगतो. दोन घरांनी दळण शेजारच्या गावी न्यायला सुरुवात केली. भांडलो नाही. आशाताईंनी एकदा चक्कीवर उभं राहून सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला आणि बोलत राहिल्या, लसीकरणाबद्दल. कोड संसर्गानं पसरत नाही हे त्या तोंडानं बोलल्याच नाहीत. एक घर परत आलं.

नव्या औषधांचंही विचारलं. रुक्सोलिटिनिब क्रीमला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये बारा वर्षं आणि त्यावरच्यांसाठी मान्यता मिळाली. तिच्या चाचण्यांत चोवीस आठवड्यांत चेहऱ्यावर पाऊणभर रंग साधारण ३० टक्के लोकांना आला. डॉक्टर म्हणाले, तुमचा चेहरा आहे त्याच औषधावर भरतोय, उगा कशाला. बोटांच्या टोकांसाठी कातडीचे बारीक तुकडे बसवायची शस्त्रक्रिया असते, पण वर्षभर एकही नवा डाग नको. माझा शेवटचा नवा डाग वहीत पौषात लिहिलेला आहे, म्हणजे पुढच्या पौषापर्यंत थांबणं आलं.

तोवर दिवा चालू. सोयाबीनच्या पेरणीत चार पाळ्या हुकल्या, त्या वहीत रिकाम्याच सोडल्या. नळी बदलायची वेळ आली की तिची किंमत इथेच लिहीन.