अनुलोम-विलोम की भ्रामरी?

उद्याच्या काळजीनं छाती धडधडत असेल तर अनुलोम-विलोम बरा. अंगठ्यानं उजवी, अनामिकेनं डावी नाकपुडी आळीपाळीनं मिटायची. चार आकडे श्वास आत, सहा-आठ बाहेर. मोजणीत मन गुंततं, लांब उच्छ्वासानं ठोके मंदावतात. श्वास मात्र कोंडून धरू नये.

दुःखाचं वेगळं. आई गेली त्या आठवड्यात रडून रडून नाक चोंदलेलं, बोटं कुठे लावणार? तेव्हा भ्रामरीच. एक नाकपुडी उघडी असली तरी भागतं. कान झाकून, ओठ मिटून गुणगुणायचं. टाळू, गाल, कपाळ थरथरतं. (‘मिक्सर लावलायस का?’ असं शेजारच्या काकूंनी विचारलं होतं.) मध्येच हुंदका फुटला तर फुटू द्यावा, अनुलोम-विलोममध्ये मी तो उगाच दाबत बसायचे. झोप-जेवण पार सुटलं असेल तर दोन्हींआधी डॉक्टर.