पहाटेचा समुद्र टिपायचाय: मालवण की रामेश्वरम?

सुट्टी एकच आहे आणि फोटोंत पहाटेचा समुद्रही हवा, बेटावरचं रोजचं जगणंही हवं, तर आधी सूर्य कुठून उगवतो ते बघा. मालवणात तो तुमच्या पाठीमागून, जमिनीकडून वर येतो. रामेश्वरमला अग्नितीर्थावर, म्हणजे मंदिराजवळच्या स्नानाच्या किनाऱ्यावर, तो समोर, पाण्यातून निघतो. पाण्यावरचा सोनेरी पट्टा आणि होड्यांच्या काळ्या आकृत्या, एवढंच डोक्यात असेल तर रामेश्वरमचं तिकीट काढा. फक्त तिथे त्याच वेळी स्नानाची गर्दी असते. माणसांच्या अंगावर कॅमेरा रोखू नका.

मालवणची पहाट मात्र उगाच कमी लेखली जाते. दांडीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे बघा. आकाश स्वच्छ असेल तर सूर्योदयाच्या थोडं आधी क्षितिजालगत करडा-निळा पट्टा दिसतो, त्याच्यावर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. काही मिनिटांत तो विरतो आणि कोवळं ऊन समोरच्या बेटावरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर येतं.

पण मालवणला जायचं ते खरं रापणीसाठी. होडीतून जाळ्याचा अर्धगोल पाण्यात सोडलेला असतो आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत असतात: टाचा वाळूत रुतलेल्या, अंग मागे झोकलेलं. जाळं जवळ आलं की पाणी उसळतं, मग बांगडे-तारल्या, मग माशांचे वाटे. पाठीमागचं ऊन थेट जाळ्यावर आणि माशांवर पडतं, जे रामेश्वरमच्या उगवतीसमोर मिळत नाही. रापण रोज असतेच असं नाही. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर ‘काका, उद्या रापण आसा काय?’ एवढं विचारलं की काम होतं. रामेश्वरमला तमिळ येत नसेल तर इथेच अडतं.

बेटाच्या बाबतीत मात्र मालवण मागे पडतं. सिंधुदुर्गावर मोजकीच घरं आहेत, पर्यटकांच्या होड्या पहाटे सुटत नाहीत आणि पावसाळ्यात तर बंदच. रामेश्वरम हे अख्खं गावच बेटावर आहे, मुक्काम तिथेच करता येतो. पुढे धनुष्कोडी: डिसेंबर 1964च्या वादळात गाव गेलं, पण चर्चच्या पडक्या भिंतींच्या आसपास कोळ्यांच्या झोपड्या आजही आहेत. तिथे रात्री राहता येत नाही. गाड्या सकाळी कधी सोडतात ते आधी विचारा, नाहीतर उजाडणं वाटेतच गाठेल.

तारखा ठरवताना यांत्रिक होड्यांवरची मासेमारीबंदी बघा. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. ऑक्टोबर ते डिसेंबर रामेश्वरमला पाऊस असतो. मालवणात भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच निघा, रामेश्वरमला पाण्याची चढउतार कमी.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला मालवण, जानेवारीत. तेव्हा तिथे सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, रामेश्वरमला साडेसहाच्या सुमारास.