रोहयो (रोजगार हमी योजना) की युवा प्रशिक्षण?

बहात्तरच्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जायची. त्याच काळात रोहयो उभी राहिली, १९७७ला कायदा झाला. काम मागणं हा हक्क, शिक्षणाची अट नाही. फक्त नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून पोच घ्याच. नाहीतर ‘तुम्ही मागितलंच कुठं?’ म्हणतात. मजुरी रखडते ते वेगळंच.

२०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना शिकलेल्यांसाठी: बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीधराला १० हजार. अनुभव मिळतो, पण मुदत संपली की घरी. भाच्याने एका कार्यालयात फायलींना टॅग बांधण्यातच दिवस काढले.

तरी पदवीधर असाल तर हीच घ्या. बीडकडच्या ऊसतोड जोडप्याला मात्र रोहयोच. दसऱ्याआधी गावात काम निघालं तर मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यावी लागत नाही.