कधीच अपडेट न केलेला स्विच: इवातांच्या गोल्फसाठी घ्यावा का?

आधीच सांगतो. स्विच २ घ्यावा की जुन्यावरच भागवावं, असा प्रश्न असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही. मी घेतलेला निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, २०१७चा, अगदी पहिल्या खेपेतला आहे. तो घेण्याचं कारण एकच: तो आजवर इंटरनेटला जोडलेलाच नव्हता. माझा आतेभाऊ सिंगापूरला असतो. लाँचच्या वर्षी त्याने हौसेने घेतला, झेल्डा नावाचा खेळ थोडा खेळला, मग घरात बाळ आलं आणि डबा कपाटावर गेला. ‘दादा, फुकट घेऊन जा रे,’ म्हणत होता. मी बाजारभावाने पैसे दिले. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल खरं लिहिता येत नाही.

आता या यंत्रात असं काय आहे ते सांगतो. निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता ११ जुलै २०१५ला गेले. वय ५५. पित्तनलिकेत गाठ झाली होती, आदल्या वर्षी शस्त्रक्रियाही झाली होती. स्विच बाजारात आला तो ३ मार्च २०१७ला, म्हणजे त्यांच्या हयातीत सुरू झालेलं काम त्यांच्या पश्चात दुकानात पोचलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यंत्राच्या आतली फाइल अन् फाइल उपसणाऱ्या काही लोकांना तिथे एक जुना खेळ लपवलेला सापडला: १९८४चा ‘गोल्फ’. तो इवातांनी स्वतः लिहिलेला. तो उघडायचा तर यंत्रात तारीख ११ जुलै हवी. दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे यंत्राच्या बाजूंचे कंट्रोलर, सुटे करून हातात धरायचे आणि ‘निन्टेन्डो डायरेक्ट’ या नव्या खेळांच्या घोषणांच्या कार्यक्रमात इवाता दोन्ही तळवे समोर धरून ‘थेट तुमच्यापर्यंत’ अशी खूण करायचे, तशी खूण करायची. बस्स. कुठे मेन्यू नाही, पाटी नाही, कंपनीने गाजावाजाही केला नाही. जपानी चाहत्यांनी त्याला ‘ओमामोरी’ म्हटलं. देवळातून आणतात तो ताईत.

आपल्याकडे श्राद्ध तिथीने घालायचं की तारखेने, यावरून दोन काका वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. इथे तारीख पक्की आहे. फक्त एक खोच आहे. यंत्र एकदा जरी नेटला जोडलं, तरी ते तुम्ही लावलेल्या तारखेवर विश्वास ठेवत नाही, नेटवरच्या घड्याळाचंच ऐकतं. कधीच न जोडलेल्या यंत्रावर मात्र तारीख हाताने लावली तरी चालते. म्हणून मला हाच डबा हवा होता.

तारीख लावली, हात पुढे केले, आणि गोल्फ उघडला.

शेजारी भाचा बसला होता. ‘मामा, हे एवढंच?’

हो, एवढंच. वरून दिसणारं हिरवं मैदान, एका पडद्यावर एक होल, आणि मारिओसारखा दिसणारा मिशीवाला माणूस. अठरा होल, वारा, काठ्या निवडायची सोय. जॉय-कॉन हवेत फिरवूनही चेंडू मारता येतो, ही या लपवलेल्या आवृत्तीतली खास भर, आणि तेवढ्यापुरती मजा येते. बाकी आजच्या मुलाला हा खेळ दहा मिनिटांच्या वर धरून ठेवणार नाही. खेळ म्हणून मी पाचपैकी अडीच तारे देईन आणि त्यातही थोडा वशिला आहे.

पण मी पोटापाण्यासाठी फर्मवेअर, म्हणजे यंत्रांच्या आतले प्रोग्रॅम, लिहितो, त्यामुळे मला ते मैदान वेगळं दिसतं. त्या काळच्या कॅसेटमध्ये अठरा होल बसवणं हे काम इतरांनी अशक्य म्हणून सोडलं होतं. इवातांनी ते बसवलं. आणि बटण तीनदा दाबून फटका मारायची पद्धत, म्हणजे एकदा सुरुवात, एकदा जोर, एकदा नेम, ती याच खेळाने रुजवली. नंतरचे कितीतरी गोल्फचे खेळ त्याच पट्टीवर चालले.

माझी आणि त्यांची ओळख मात्र गोल्फमधून झालेली नाही. नव्वदच्या दशकात साताऱ्यात आमच्या आळीत एकाने घराच्या पुढच्या खोलीत दोन टीव्ही मांडून तासावर गेम खेळायला द्यायला सुरुवात केली होती. यंत्र अर्थातच नकली, तैवान-चीनकडचं, आणि कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं. प्रत्यक्षात खेळ तेच पंधरा-वीस, नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेटमध्ये फुंकर मारल्याशिवाय ती चालत नाही, यावर सगळ्यांचा ठाम विश्वास. त्यात ‘बलून फाइट’ असायचाच. दोन फुगे बांधलेला माणूस हात फडफडवत उडतो, दुसऱ्याचे फुगे फोडतो, खाली पाण्याजवळ गेलात तर मासा गिळतो. आम्ही त्याला ‘फुगेवाला’ म्हणायचो. तो कुणी लिहिलाय, हा प्रश्नच पडला नव्हता. खेळ आकाशातून पडतात अशीच आमची समजूत.

फुगेवालाही इवातांचाच, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्यातली गोष्ट प्रोग्रॅमर मंडळींनी ऐकण्यासारखी आहे. हाच खेळ आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रासाठीही बनला होता आणि त्याचं यंत्र जास्त ताकदीचं होतं, तरी घरच्या आवृत्तीत माणूस जास्त सफाईने तरंगायचा. आर्केड आवृत्ती करणाऱ्यांनी विचारलं, हे कसं केलंस? इवातांनी सांगितलं की ते माणसाची जागा पूर्ण आकड्यांत न ठेवता दशांशाच्या पुढेही मोजतात. तीच युक्ती पुढे ‘सुपर मारिओ’च्या पाण्यातल्या पोहण्यात गेली. म्हणजे त्या पुढच्या खोलीत आम्ही जे ‘स्मूथ आहे यार’ म्हणायचो, तो या माणसाचा दशांश होता.

असं बरंच आहे. ‘मदर २’ हा खेळ रखडला तेव्हा ते म्हणाले, आहे हाच कोड दुरुस्त करायचा तर दोन वर्षं लागतील, नव्याने लिहायचा तर सहा महिने. नव्याने लिहिला. पोकेमॉनची लढाई हातातल्या गेम बॉयवरून टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डो ६४वर न्यायची होती, तेव्हा एचएएल लॅबोरेटरी या कंपनीचे अध्यक्ष असूनही त्यांनी कसलीही कागदपत्रं नसताना नुसता कोड वाचून ते आठवड्याभरात उभं केलं. एचएएल त्यांनी १९९३मध्ये हाती घेतली तेव्हा ती कर्जात बुडालेली होती. २००२मध्ये ते निन्टेन्डोचे चौथे अध्यक्ष झाले. संस्थापक यामाउची कुटुंबाबाहेरचे पहिले.

त्यांची बातमी आली तो सोमवार होता, १३ जुलै. ऑफिसमध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, ‘कंपनीचा प्रेसिडेंट गेला तर तुला काय झालं एवढं?’ प्रश्न रास्त होता. कंपन्यांच्या अध्यक्षांसाठी कुणी रडत नाही. पण जगभर लोक रडत होते. प्लेस्टेशनच्या अधिकृत खात्यावरून प्रतिस्पर्ध्याच्या अध्यक्षांचे आभार मानले गेले. क्योतोत तुफानाच्या पावसात अंत्यविधी झाला आणि हजारो माणसं आली. निन्टेन्डोचा स्प्लॅटून हा खेळ तेव्हा नवाकोरा होता. त्यातल्या चौकात उभ्या असलेल्या पात्रांच्या डोक्यांवर लोकांनी हाताने काढलेली इवातांची चित्रं तरंगत होती. चष्मा, मधोमध भांग, ‘थँक यू’. लढाईच्या खेळातला चौक, आणि सगळे शोकसभेला जमलेले.

त्या सहकाऱ्याला मी दिलेलं उत्तर आजही बदलणार नाही. २०११मध्ये निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा ३डीएस महाग म्हणून विकला जाईना, सहा महिन्यांच्या आत किंमत २५ हजार येनवरून १५ हजारांवर आणावी लागली. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा कापला आणि आधी महाग घेतलेल्यांना २० जुने खेळ फुकट दिले. त्यात फुगेवालाही होता. स्विचच्या आधीचं वी यू हे यंत्र पडल्यावर २०१४मध्ये पुन्हा पगार निम्मा. त्याआधीच भागधारकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की आकडे चांगले दिसावेत म्हणून माणसं काढली तर उरलेल्यांचं मनोधैर्य खचतं, आणि घाबरलेली माणसं चांगले खेळ बनवू शकत नाहीत. गेम कंपन्यांत आज कपातीची बातमी आली की तेच बोलणं पुन्हा फिरायला लागतं. २००५च्या भाषणात त्यांनी स्वतःची ओळख सांगितली होती: व्हिजिटिंग कार्डावर अध्यक्ष, डोक्यात डेव्हलपर, मनात खेळाडू. बोलायला सोपं आहे. त्यांचा कोड वाचलेल्यांना ते पटतं, एवढाच फरक.

आता कटू भाग. ऑक्टोबर २०१७मध्ये आलेल्या ४.० अपडेटने गोल्फ काढून टाकला. पुढच्याच महिन्यात मीव्हर्स, म्हणजे खेळाडूंनी चित्रं आणि संदेश टाकायची निन्टेन्डोची ऑनलाइन जागा, बंद झालं, आणि त्या चौकातली चित्रं जिथून यायची ती जागाच गेली. तांत्रिक कारण काहीही असो, दोन स्मारकं पाठोपाठ पुसली गेली. कंपनीवर मी रागावलेलो नाही, पण ‘ताईत’ अपडेटमधून काढून घेता येतो, हे जरा खटकतंच.

म्हणून हे यंत्र वापरणं विचित्र आहे. गोल्फ ठेवायचा तर नेट नाही. नेट नाही तर ई-शॉप, म्हणजे निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान, नाही, ऑनलाइन नाही, आणि पुढच्या वर्षांतल्या कॅसेटी आत टाकल्या की त्या अपडेट मागतात. गंमत म्हणजे फुगेवाला स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात मिळतो, पण तो घ्यायला गेलो की गोल्फ जातो. इवातांचे दोन खेळ एका यंत्रावर नांदत नाहीत. मी फुगेवाल्यासाठी भाच्याचा स्विच वापरतो.

चालतं ते लाँचचं झेल्डा. आतेभावाने कॅसेट सोबत दिली, आणि खरं सांगायचं तर पैसे तिथेच वसूल झाले. त्यातल्या सातोरी डोंगरावर कधी कधी रात्री निळसर उजेड दिसतो आणि एक चमकणारा प्राणी भेटतो. खेळातली नोंद म्हणते, या भूमीवर गेलेल्या एका ज्ञानी पुरुषाचा तो पुनर्जन्म आहे. तो इवातांसाठीच आहे असं चाहते मानतात, आणि मीही. अपडेट केलेल्या यंत्रावरही तो डोंगर तसाच असतो, त्यामुळे ज्यांना फक्त नमस्कार करायचाय त्यांनी जुना डबा शोधत फिरू नये.

यंत्र म्हणून थोडक्यात: पडदा ६.२ इंची, ७२० रेषांचा, आज फिका वाटतो. बॅटरी अडीच ते साडेसहा तास म्हणतात, जुन्या बॅटरीकडून वरच्या आकड्याची आशा धरू नका. जागा ३२ जीबी. मागचा टेकू तकलादू आहे, टेबलावर ठेवताना जपा. जॉय-कॉनची काठी आपोआप सरकते ही जगजाहीर तक्रार. माझ्याकडची अजून सरळ आहे, कदाचित वापरलीच नाही म्हणून.

घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडून सेटिंग्जमधल्या सिस्टीमच्या पानाचा फोटो मागवा. सिस्टीमच्या आवृत्तीचा आकडा ४च्या खाली हवा. आणि ‘वाय-फायला कधी जोडला होता का?’ हे स्पष्ट विचारा, कारण जोडलेला असेल तर वर्षातून एकदाच, खऱ्या ११ जुलैलाच संधी मिळेल. ‘दुर्मीळ’ म्हणून कुणी नव्याच्या वर भाव सांगितला तर सरळ निघून या. घरी आणल्यावर विमान मोड लावून टाका, पोरांना वाय-फायचा पासवर्ड देऊ नका, आणि सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा. नाहीतर बॅटरी मरते.