लर्न की स्टडी, कुठे काय वापरायचं?

पोहायला शिकतोय हे सांगताना स्टडी म्हणू का लर्न, असं एकाने विचारलं, तर तिथे लर्नच. मेहनत बघाल तर ती स्टडीत दिसते, पुस्तक उघडून बसणं, नोट्स काढणं, पण डोक्यात काही शिरलं का याची गॅरंटी स्टडी देत नाही! लर्नमध्ये ते यायलाच हवं, म्हणून 'आय स्टडीड ऑल नाइट बट लर्न्ड नथिंग' हे वाक्य अगदी बरोबर आहे. शिवाय एखादी बातमी कळली तरी लर्न, कविता पाठ केली तर लर्न बाय हार्ट. नाम हवं असेल तर मात्र स्टडी, म्हणजे संशोधन किंवा अभ्यासाची खोलीसुद्धा.

थोडक्यात गाडी चालवणं, सवय, चुकांमधून शिकणं याला लर्न. परीक्षा, डिग्री, कॉलेजचा विषय याला स्टडी, आणि भाषेला दोन्ही चालतात.