झगमगाट नको, १९६९ चा पिवळा हवा होता

माझ्या १९६९ च्या शेव्हेल एसएस ३९६ या जुन्या अमेरिकन गाडीचा ब्रेक बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा पत्र्याचा डबा), मास्टर सिलिंडर (तो दाब ब्रेक फ्लुइडमध्ये उतरवणारा भाग), त्याचं झाकण, कॅलिपरचे, म्हणजे चाकाजवळ डिस्क दाबणाऱ्या भागाचे, बोल्ट आणि दोन ब्रॅकेट असं सगळं सामान मी ब्रेकच्या जुन्या भागांना पुन्हा मुलामा देणाऱ्या ओहायोतल्या या दुकानात दिलं होतं. ते परत येऊन सहा आठवडे झाले. गाडीवर चढवलं, चारशेएक मैल चालवलं आणि मगच लिहायला बसलोय.

ब्रेकच्या रंगाबद्दल मी एवढा हळवा का, ते आधी सांगतो. माझं लहानपण कोल्हापुरात गेलं. वडील उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. साच्यातून निघालेल्या बिडावरची वाळू झटकली की खाली जो खरबरीत करडा रंग दिसतो, तो मी शाळेत जायच्या आधीपासून ओळखतो. तेच बीड लेथवर लावलं की कापलेली बाजू चांदीसारखी उजळते आणि बाकीचा भाग करडाच राहतो. डेट्रॉइटजवळ राहायला आल्यावर पहिल्यांदा एका न छेडलेल्या जुन्या शेव्हेलचं बॉनेट उघडलेलं पाहिलं आणि मास्टर सिलिंडरवर नेमकं तेच दिसलं. अंगभर ओतकामाचा करडेपणा आणि यंत्राने कापलेल्या तोंडावर चकाकी. कारखान्याने त्याला रंग दिलाच नव्हता. शेजारचा बूस्टर मात्र पिवळा, म्हणजे जस्ताचा मुलामा आणि त्यावर क्रोमेटचं पॅसिव्हेशन, गंज रोखणारा पातळ रासायनिक थर.

माझ्या गाडीवर आधीच्या मालकाने या दोन्हींची वाट लावली होती. बूस्टरवर सोनेरी स्प्रे पेंट आणि मास्टर सिलिंडरवर चंदेरी. डॉट ३ ब्रेक फ्लुइड कुठल्याही साध्या पेंटला सुटा करतं. झाकणाच्या कडेने थोडं पाझरलं होतं, तेवढ्यात चंदेरी रंगाचे पापुद्रे सुटले आणि ओघळ बूस्टरवर जाऊन तिथला सोनेरी रंगही चिकट झाला. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात मी एक जादाचा बूस्टर देऊन पाहिला होता. त्यांनी तो जाड वाळूने इतका ब्लास्ट केला की पत्र्यावर ठोकलेला तारखेचा कोड, म्हणजे तो कधी बनला ते सांगणारे अंक, वाचता येईना. ते अंक परत येत नाहीत. तो बूस्टर अजून माझ्या फळीवर आहे आणि त्याच्याकडे पाहिलं की अजूनही वाईट वाटतं.

म्हणून या वेळी मी आधी फोन केला. मालकाने पहिलाच प्रश्न विचारला, की कोड वाचता येतोय का, त्याचा फोटो पाठवा. तिथेच मला धीर आला. त्यांनी जुना रंग रसायनाने काढला, गंजाच्या जागी बारीक काचेच्या मण्यांनी हलका हात फिरवला आणि अंकांच्या भागावर पट्टी लावून ठेवली. आता अंक बोटाला लागतात.

बूस्टर पूर्ण उघडल्याशिवाय ते मुलामा देतच नाहीत आणि हे बरोबर आहे. आत रबराचा पडदा असतो, स्प्रिंग असते, झडप असते. बंद डबा आम्लात बुडवला तर ते पाणी सांध्यात अडकून राहतं आणि वर्षभरात आतून गंज फुटतो. मी सामान द्यायला स्वतः गाडी चालवत गेलो होतो आणि त्यांनी एका दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बूस्टरचं कवच पिवळं करताना मला जवळ उभं राहू दिलं. जस्त चढलेलं कवच निळसर पांढरं दिसत होतं. कारागिराने ते तारेला टांगून क्रोमेटच्या टाकीत सोडलं आणि हाताने हलकं हलकं फिरवत राहिला. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याची नजर पत्र्यावरच. अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर काढलं, गार पाण्यात धुतलं आणि टांगून ठेवलं. ओला असताना रंग फिका वाटला. सुकत गेला तसा पिवळा चढला, मग त्यात कुठे गुलाबी, कुठे हिरवट झाक आली, पारव्याच्या मानेवर असते तशी. त्या थराला पहिले चोवीस तास बोट लावायचं नाही, कारण तो अजून मऊ असतो आणि घासला तर निघून येतो.

इथे मला माझी समजूत बदलावी लागली. ती इंद्रधनुषी झाक जितकी जास्त तितकं काम चांगलं, असं मी धरून चाललो होतो. मालकाने कपाटातून दोन जुने डेल्को मोरेनचे बूस्टर काढून दाखवले, कधीही पुन्हा मुलामा न दिलेले. ही जनरल मोटर्सचीच ब्रेक बनवणारी शाखा होती, डेटनची, म्हणजे ओहायोतलीच. दोन्ही बूस्टर पिवळे, पण एक मधाकडे झुकणारा आणि दुसरा जरा फिका. झाक होती, पण तिरपं धरल्यावर दिसेल एवढीच. आज प्रदर्शनांत जे झगमगीत, हिरवे-जांभळे बूस्टर दिसतात ते क्रोमेटमध्ये जास्त वेळ ठेवल्याने तसे होतात. मी त्यांना फिक्या बूस्टरकडे बोट दाखवलं आणि तसाच रंग मागितला. माझा बूस्टर तसाच आला आहे.

कॅलिपरच्या बोल्टांची गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती रंगाची नसून जिवाची आहे. कडक पोलादाला आम्ल आणि मुलाम्याच्या टाकीतून हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस ताणाखाली तो तुटतो. या दुकानात असे बोल्ट जस्त चढल्यावर लगेच भट्टीत जातात, १९० अंश सेल्सियसला चार तास, आणि पिवळं त्यानंतर. क्रम उलटा केला तर भट्टीच्या उष्णतेने पिवळा थर खराब होतो. बिलाबरोबर भट्टीची वेळ लिहिलेली चिठ्ठी आली होती. ज्या प्लेटिंगवाल्याला ‘बेक करता का’ हा प्रश्न विचारल्यावर कळत नाही, त्याला ब्रेकचे बोल्ट देऊ नका.

मास्टर सिलिंडरला त्यांनी आतून पितळी स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, घातली आणि बाहेरून बीड उघडं ठेवलं. बिडासारखा दिसणारा करडा पेंटही ते मारून देतात, पावसापाण्यात चालणाऱ्या गाडीला तो सोयीचा आहे. मी नको म्हटलं. उघड्या बिडावर पातळ तेलाचा हात द्यावा लागतो आणि मिशिगनच्या दमट उन्हाळ्यात मी तो दर पंधरा दिवसांनी देतो. मला ते काम आवडतं. फडक्याला जो वास येतो तो वडिलांच्या कामाच्या शर्टाला यायचा.

आता तक्रारी. आठ आठवडे सांगितले होते, अकरा लागले आणि उशीर होतोय हे मला फोन करून विचारावं लागलं. झाकण पहिल्या खेपेला बूस्टरपेक्षा खूपच गडद आलं होतं. फोटो पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता पुन्हा करून दिलं, पाठवणीचा खर्चही घेतला नाही. एकूण ६३५ डॉलर झाले, त्यातले ३८५ एकट्या बूस्टरचे, नवा पडदा धरून. नवीन तयार बूस्टर याहून स्वस्त मिळतो, पण त्यावर माझ्या गाडीच्या तारखेचा कोड नसतो.

ब्रेकच्या नळ्या ते करत नाहीत. माझ्या गाडीवर आधीच्या मालकाने स्टेनलेसच्या चकचकीत नळ्या टाकल्या होत्या, त्या मी काढून साध्या पोलादी बसवल्या. मूळ नळ्यांवर शिसं-कथलाचा थर असायचा, आपल्या कल्हईच्या जातीचा, आणि तो मंद राखाडी रंग बूस्टरच्या पिवळ्याशेजारी शोभतो.

सामान पाठवताना प्रत्येक भागाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि मास्टर सिलिंडरमधलं फ्लुइड पूर्ण काढून भोकं बंद करा, नाहीतर खोकं वाटेतच भिजतं. मागच्या ड्रमच्या बॅकिंग प्लेटा मी ऑक्टोबरमध्ये, गाडी हिवाळ्यासाठी उभी केली की, यांच्याकडेच पाठवणार आहे.